घाम गाळणाऱ्यांचा मधुमेह

मधुमेह आणि रक्तदाब हे पंख्याखाली बसून काम करणाऱ्यांचे विकार होत, असा समज आपल्या ग्रामीण भागात फार खोलवर रुजलेला आहे. पहाटे पेज पिऊन खाजनात उतरणारा शेतकरी, दिवसातून अनेकदा माडावर चढणारा रेंदेर, रापण ओढणारा मच्छीमार आणि बांधकामावर डोक्यावरून रेतीची घमेली वाहणारी मजूर स्त्री यांना रक्तातील साखर तपासून घेण्यास सुचविले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "आम्हांला कसला आला आहे डायबेटिस? खाल्लेले सगळे घामावाटे निघून जाते."

या उत्तरात अर्धे सत्य आहे. श्रमाने साखर खर्ची पडते, हे खरे. पण श्रम करणाऱ्याला मधुमेह होतच नाही, हे खरे नाही. आणि या उरलेल्या अर्ध्या गैरसमजाची किंमत फार मोठी आहे. ज्याला आपल्याला रोग होणार नाही अशी खात्री असते, तो तपासणीला जात नाही. रोग आत वाढत राहतो आणि पायाची जखम चिघळल्यावर, दृष्टी मंदावल्यावर किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यावरच त्याचे निदान होते. कचेरीतील मनुष्याचा एक पाय अधू झाला, तरी त्याची नोकरी कदाचित टिकते. ज्याचे सारे भांडवल म्हणजे त्याचे हातपाय, त्याचा मात्र संसारच कोलमडतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशातील सर्व राज्यांत मधुमेहाची पाहणी करण्यात आली. तिचे एकत्रित निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शहरी व ग्रामीण भागांतील १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींची तपासणी या पाहणीत झाली. देशातील २० वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक, असा याचा अर्थ होतो. ज्या राज्यात प्रमाण इतके मोठे आहे, तेथे हे सारे रोगी केवळ खुर्चीवर बसणारे असतील, असे मानणे धाडसाचे ठरेल.

समजुतीचे मूळ

ही समजूत निराधार आहे असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या निर्धन रोग्याला दूरवर पायी चालण्याचा, इतकेच नव्हे तर विहीर खणण्याचाही उपाय सांगितलेला आहे. श्रमाने हा विकार आटोक्यात येतो, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी जाणले होते. पण त्याच ग्रंथात प्रमेहाचे दोन प्रकारही वर्णिले आहेत. एक अपथ्याने होणारा, ज्याचा रोगी स्थूल असतो. आणि दुसरा जन्मतःच मूळ धरणारा, ज्याचा रोगी कृश असतो. पहिली गोष्ट लोकांच्या ध्यानात राहिली, दुसरीचा विसर पडला.

आधुनिक काळात या समजुतीला बळ दिले ते लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील परिवहन सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा अभ्यास करून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांपेक्षा, दुमजली बसच्या पायऱ्या सतत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. तेव्हापासून 'हालचाल करा, निरोगी राहा' हा संदेश जगभर पोहोचला आणि तो योग्यच होता.

परंतु वाहकाचे काम नेमके कशा प्रकारचे होते, हे पाहणे अगत्याचे आहे. चढणे, उतरणे, थोडे थांबणे, पुन्हा चढणे, असे ते हलके आणि अधूनमधून विसावा देणारे काम होते. पाठीवर पन्नास किलोचे पोते घेऊन आठ तास चढ-उतार करणे ही निराळी गोष्ट आहे. मॉरिस यांनी पुढे १९५६ साली आणखी एक बाब नोंदविली. कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली असता चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांच्या घेरापेक्षा अधिक असल्याचे दिसून आले, आणि हा फरक तरुण वयापासूनच होता. रोगाचे मूळ केवळ कामाच्या स्वरूपात शोधून भागत नाही, शरीराच्या मूळ ठेवणीकडेही पाहावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

श्रम आणि साखर यांचे नाते

भात, पाव, भाकरी यांतील पिष्टमय भागाचे पचनानंतर ग्लुकोज नावाच्या साखरेत रूपांतर होते व ती रक्तात मिसळते. रक्तातील ही साखर पेशींच्या आत पोचविण्यासाठी स्वादुपिंडातून इन्शुलिन हा स्राव पाझरतो. शरीरातील स्नायू म्हणजे या साखरेची कणगी होय. जेवणानंतर आलेली बरीचशी साखर स्नायूंत साठविली जाते व काम करताना खर्च होते.

काम करणाऱ्या स्नायूचा एक विशेष गुण असा की, तो इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो. श्रम संपल्यानंतरही सुमारे एक-दोन दिवस त्याची ही ओढ वाढलेली राहते. म्हणूनच नियमित चालणे, पोहणे, सायकल चालविणे हे मधुमेहावरील उपचाराचे एक अंग मानले जाते.

पण कणगीच लहान असेल तर? खळ्यावरचे भात कितीही झाले, तरी कणगीत मावेल तेवढेच मावणार. उरलेले अंगणातच पडून राहणार. शरीरातही असेच घडते. स्नायूंत न मावलेली साखर रक्तात रेंगाळते, यकृतात तिची चरबी होते, आणि तीच चरबी पुढे इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते. स्वादुपिंड काही वर्षे अधिकाधिक इन्शुलिन पुरवून तोल सांभाळते. एके दिवशी ते थकते, आणि मग मधुमेह उघड होतो.

सडपातळ देहातील चरबी

आपल्याकडे कणगी लहान असण्याचे प्रमाण बरेच आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या दीर्घ संशोधनाने दाखवून दिले आहे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासात गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा मागोवा घेण्यात आला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बालके लहान होती, त्यांचे स्नायू व पोटातील अवयव कमी भरलेले होते; पण कातडीखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. जन्मापासूनच 'बारीक, पण चरबीयुक्त' अशी ही देहरचना होय.

डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपलीच छायाचित्रे देऊन ही गोष्ट लोकांपुढे मांडली. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. काटा एकच आकडा दाखवीत होता, पण देहाच्या आतले चित्र वेगळे होते.

आपला कष्टकरी बहुधा सडपातळ असतो. हातपाय काटक, गाल बसलेले, पण चाळिशीनंतर पोट थोडे पुढे आलेले, हे चित्र गावोगाव दिसते. ते पोट आरोग्याचे लक्षण नव्हे. म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर मोजणे अधिक उपयुक्त ठरते. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की सावध व्हावे. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

दुसरे कारण खुद्द कष्टाच्या स्वरूपात आहे. व्यायाम करणारा आपल्या इच्छेने, थोडा वेळ, मोकळ्या श्वासाने हालचाल करतो आणि मग विश्रांती घेतो. मजुराला यांतले काही निवडता येत नाही. जड ओझे उचलताना व एकाच स्थितीत वाकून राहताना रक्तदाब वाढतो. ही स्थिती रोज सात-आठ तास, आठवड्याचे सहा दिवस राहिली, तर हृदय व रक्तवाहिन्या यांना सावरण्यास उसंत मिळत नाही.

कोपनहेगन येथील प्रा. आंद्रेआस होल्टरमान व त्यांचे सहकारी या प्रश्नाचा अभ्यास करीत आले आहेत. २०१८ साली सतरा अभ्यासांतील सुमारे १ लाख ९३ हजार व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. तीत फार जड काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळले. स्त्रियांत तसे दिसले नाही. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. नॉर्वेतील पुरुषांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान, शिक्षण इत्यादी बाबी लक्षात घेतल्यानंतर कष्टाच्या कामाचा अपाय आढळला नाही. मतभेद कितीही असले, तरी एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी अशी आहे : कष्ट करणाऱ्याने केवळ कष्टाच्या भरवशावर राहू नये.

तिसरे कारण म्हणजे श्रम घटतात, पण भूक आणि सवयी घटत नाहीत. शेतीचे काम बारमाही सारखे नसते. लावणी आणि कापणीच्या दिवसांत अंग मोडेपर्यंत काम, तर मधल्या दिवसांत बरीच उसंत. नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, पाणवठ्याच्या जागी नळ आला, पायवाटेवर स्कूटर आली. या सोयी स्वागतार्हच आहेत. परंतु ताटातील भाताचा ढीग मात्र पूर्वीच्याच मापाचा राहिला. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा खाणपट्ट्यातील कित्येक कुटुंबांचा रोजचा दिनक्रम एकाएकी बदलला. असे बदल शरीर निमूटपणे सोशीत नाही.

यांत आहाराची एकांगी रचना भर घालते. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांतून येते. सकाळी पाव आणि गोड चहा, दुपारी डोंगराएवढा भात आणि वाटीभर हुमण, संध्याकाळी पुन्हा चहा-पाव, रात्री पुन्हा भात, हा क्रम असेल तर डाळ, मासळी आणि भाजी नावापुरतीच उरते. दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे पाच कप चहा झाले, तर चहातूनच चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते. त्यावर तंबाखू, मद्य आणि रात्रपाळीने मोडलेली झोप यांची जोड मिळाली, म्हणजे रोगाला हवे ते सारे जुळून येते.

कष्टकऱ्याला विशेष धोका कोठे?

मधुमेह सर्वांना सारखाच छळतो असे नाही. कष्टकऱ्याच्या बाबतीत त्याचे काही घाव अधिक खोल बसतात.

पहिला घाव पायांवर. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. अनवाणी शेतात उतरणाऱ्याला काटा रुतला, खाडीत शिंपल्याने टाच कापली, मिठागरात भेगांत खारे पाणी शिरले, तरी वेदना होत नाही. दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि आठवड्याभरात जखम चिघळते. अशा जखमेतून पाय कापण्याची पाळी येते. म्हणून मधुमेही शेतकऱ्याने रोज सायंकाळी पाय स्वच्छ धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून, उजेडात तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसेल, तर घरातील मुलाला पाहण्यास सांगावे. चिखलात गमबूट वापरावेत व ते घालण्यापूर्वी आत खडा वा काटा नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.

दुसरा धोका साखर एकदम उतरण्याचा. इन्शुलिन आणि मधुमेहावरील काही गोळ्या घेणाऱ्याने सकाळी औषध घेतले, न्याहारी टाळली आणि उन्हात कुदळ चालविली, तर रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. थंड घाम, हातांना कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. अशा माणसाला 'प्यायलेला दिसतो' असे समजून सोबती बाजूला निजवितात आणि तेथेच घात होतो. रिकाम्या पोटी घेतलेल्या फेणीनेही साखर अशीच उतरते, त्यामुळे हा गोंधळ अधिकच वाढतो. अशा वेळी मनुष्य शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर काही खाण्यास द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषध घेणाऱ्या प्रत्येक कष्टकऱ्याने कमरेला साखरेची वा गुळाची पुडी बाळगावी आणि आपल्या विकाराची कल्पना एका तरी सोबत्याला देऊन ठेवावी. यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

तिसरा धोका मूत्रपिंडांना. मधुमेह आणि रक्तदाब हे मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमुख कारण आहेत. त्यात कडक ऊन आणि अपुरे पाणी यांची भर पडते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांत मधुमेह नसतानाही मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे या शतकाच्या आरंभापासून आढळून आले आहे. उष्णतेत अतिश्रम व पुनःपुन्हा शरीर कोरडे पडणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणून तेथील ऊसमळ्यांत पाणी, सावली व विश्रांती ही त्रिसूत्री अवलंबिण्यात आली. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा काही भाग आणि गोव्यातील काणकोण तालुका येथेही मूत्रपिंडाच्या अशा विकारांची नोंद झाली असून, त्यांचे नेमके कारण अद्याप निश्चित झालेले नाही. मात्र एक गोष्ट निःसंशय हानिकारक आहे. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज गिळणे, आणि त्याही पाणी न पिता उन्हात राबताना. या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात व रक्तदाबही वाढवितात.

चौथा धोका क्षयाचा. मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असते. दाटीवाटीने राहणारे बांधकाम मजूर, ट्रॉलरवरील खलाशी आणि दगडाच्या धुळीत काम करणारे कामगार यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

स्त्रियांचे श्रम

स्त्रियांच्या श्रमांची मोजदाद क्वचितच होते. शेतात वा मासळीच्या बाजारात पूर्ण दिवस राबून आलेल्या स्त्रीचा घरचा दिवस चुलीपाशी पुन्हा सुरू होतो. पुण्याजवळील ज्या गावांचा उल्लेख वर आला आहे, तेथे असे दिसून आले की, गर्भारपणात अधिक जड काम करणाऱ्या मातांची बालके तुलनेने लहान जन्मली. लहान जन्मलेल्या बालकाला मोठेपणी मधुमेहाचा धोका अधिक, हेही आता मान्य झालेले आहे. म्हणजे आईवर पडलेल्या ओझ्याचा वारसा पुढील पिढीच्या रक्तात उतरू शकतो. गर्भवतीला शेवटच्या महिन्यांत ओझे वाहू न देणे व तिच्या ताटात डाळ, मासळी, भाजी आणि फळ असणे हे लाड नव्हेत. ते दोन पिढ्यांचे संरक्षण आहे. गर्भारपणात साखरेची तपासणी पहिल्या भेटीतच आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करून घ्यावी. गर्भारपणात साखर वाढलेल्या स्त्रीने बाळंतपणानंतरही दरवर्षी तपासणी चालू ठेवावी.

तपासणी : कधी, कोठे, कशी?

मधुमेह व रक्तदाब हे आरंभी काहीही न दुखविणारे विकार आहेत. सतत तहान, वारंवार लघवी, वजन घटणे, जखम न भरणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत कित्येक वर्षे निघून गेलेली असतात. कष्टकऱ्याच्या बाबतीत तर तहान आणि थकवा यांचा दोष उन्हावर व कामावर टाकला जातो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करणे हाच मार्ग होय. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत विनामूल्य केली जाते.

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असावी. ती १०० ते १२५ असेल, तर धोक्याची घंटा वाजली असे समजावे. याच टप्प्यावर आहार व दिनक्रम सुधारल्यास रोग टाळता किंवा पुष्कळ लांबविता येतो. १२६ किंवा अधिक असल्यास पुन्हा तपासणी करून मधुमेहाचे निदान निश्चित करतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी उपाशी न राहताही करता येते. तिचा आकडा ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. रक्तदाब निरनिराळ्या दिवशी १४० आणि ९० यांच्या वर आढळल्यास उपचाराची गरज असते. ओझे टाकून लगेच रक्तदाब मोजू नये. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, मगच मोजावा.

आहार व दिनक्रम

कष्ट करणाऱ्याने उपाशी राहावे किंवा भात सोडावा, असे कोणीही सांगत नाही. त्याला ऊर्जा लागतेच. प्रश्न ताटातील वाटणीचा आहे. भाताचा ढीग थोडा उतरवून त्या जागी कुळीथ, चवळी, मूग, मसूर यांपैकी एखादे कडधान्य, बांगडा वा तारली यांसारखी स्वस्त मासळी आणि परसातील भाजी आली, की त्याच पैशांत ताट सुधारते. जेथे भात पांढरा व पॉलिशचा असेल, तेथे उकडा तांदूळ आणि नाचणी यांना स्थान द्यावे. मात्र तेही मापानेच. काम नसलेल्या दिवशी भात आणखी कमी करावा. चहातील साखर एका चमच्यावर आणावी. सुके मासे, खारे आणि लोणचे यांतील मीठ रक्तदाब वाढविते. दिवसाला एका व्यक्तीला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरेसे असते.

उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. बाटलीबंद गोड पेये पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत. जड कामाच्या मधूनमधून सावलीत दहा मिनिटे बसणे हा आळस नव्हे. सात तासांची झोप, तंबाखूचा त्याग आणि मद्याला नकार या गोष्टींना औषधाइतकेच महत्त्व आहे. ज्यांना औषध सुरू झाले आहे, त्यांनी बरे वाटू लागले म्हणून ते परस्पर बंद करू नये.

अधिकारी, नियोक्ते व शिक्षक यांचे कर्तव्य

तपासणी विनामूल्य असली, तरी मजुराला ती फुकट पडत नाही. सकाळी उपाशीपोटी केंद्रात येऊन रांगेत उभे राहणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. म्हणून तपासणी कष्टकऱ्याच्या वेळेनुसार त्याच्यापर्यंत नेणे, हाच यावरील उपाय आहे. बांधकामाच्या जागी काम सुरू होण्यापूर्वी, मासेमारीच्या धक्क्यावर होड्या लागल्यानंतर, काजूच्या हंगामात गावाच्या वेशीवर, किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या ठिकाणी तासा-दोन तासांचे शिबिर घेतल्यास केंद्रात कधीही न येणारी माणसे भेटतील. परराज्यांतून आलेल्या मजुराच्या हाती त्याचे आकडे लिहिलेले कार्ड दिले, तर गावी परतल्यावरही त्याचा उपचार खंडित होणार नाही.

केंद्र शासनाच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विहित वयाच्या व वर्गाच्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी नियोक्त्याने विनामूल्य करून द्यावी, अशी तरतूद आहे. ती कागदावर न राहावी, याची दक्षता संबंधितांनी घ्यावयाची आहे. पाणी, सावली आणि जेवणाची निश्चित वेळ या सोयींना फारसा खर्च येत नाही. दुपारच्या कडक उन्हातील जड काम सकाळ-संध्याकाळवर ढकलणे तर सर्वस्वी व्यवस्थापनाच्या हाती आहे.

ग्रामपंचायतींना ग्रामसभेच्या दिवशी एक टेबल आरोग्य सेविकेसाठी मांडता येईल. शिक्षकांचे कार्य याहूनही मोलाचे आहे. वर्गातील मुलांनी घरी जाऊन आई-वडिलांच्या कमरेचा घेर टेपने मोजावा, वहीत लिहून आणावा आणि मर्यादेबाहेर असल्यास त्यांना उपकेंद्राची वाट दाखवावी, एवढा एक गृहपाठ पुष्कळ काही साधू शकेल. वडिलांच्या तळव्यावरची न दुखणारी जखम प्रथम मुलाच्याच दृष्टीस पडण्याचा संभव असतो.

श्रमाला प्रतिष्ठा आहे आणि ती असलीच पाहिजे. घाम गाळणाऱ्यांच्या हातांवरच शेत पिकते, घर उभे राहते, बाजारात मासळी येते. परंतु श्रम हे रोगाविरुद्धचे कवच आहे, ही समजूत मात्र त्या श्रमिकाच्याच जिवावर उठणारी आहे. नांगराच्या फाळाला धार आहे की नाही, होडीला कोठे चीर गेली आहे काय, हे हंगामाच्या आरंभी जो न चुकता पाहतो, त्याने वर्षातून एकदा आपल्या देहाचीही तशीच पाहणी करून घ्यावी. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब आणि दंडाला पाच मिनिटे गुंडाळलेला पट्टा, एवढ्याचीच त्यासाठी आवश्यकता आहे.